युद्ध झालंच नाही, त्याचा पट कसला?

दर वर्षी १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, फेरी निघते, भाषणं होतात. मंडळी पांगायला लागली की चहाच्या गाड्यावर एक विषय हमखास निघतो. बेळगाव-निपाणीच्या सीमालढ्यावर एक सणसणीत सिनेमा यायला पाहिजे. हे मी गेली तीस वर्षं ऐकतोय. कुणी नायक ठरवतो, कुणी निर्माता पैदा करतो, चहा संपतो, सिनेमा तिथंच राहतो. गेल्या खेपेला मात्र निपाणीत एका तरुण कार्यकर्त्यानं विषय एक पायरी वर चढवला. त्याला नुसता सिनेमा नको होता, युद्धपट हवा होता. "बोस्नियावर निघाले, श्रीलंकेवर 'मद्रास कॅफे' निघाला, काश्मीरवर तर उठसूट निघतात. आमच्यावर का नाही? आम्ही काय कमी मेलोय?"

तिथंच उत्तर दिलं असतं तर चहा गार झाला असता आणि संबंधही. म्हणून लिहून देतो.

होय बाबा, कमी मेलोय. बोस्नियात १९९२ ते १९९५ या साडेतीन वर्षांत लाखाच्या आसपास माणसं गेली. एकट्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि पोरं ओळीनं उभी करून मारली. श्रीलंकेच्या सव्वीस वर्षांच्या युद्धात ऐंशी हजार ते एक लाख गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आमच्याकडे १ जून १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात नऊ जण गोळीबारात गेले. त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे, तिथं दर वर्षी माथा टेकायला मीही जातो. नऊ म्हणजे थोडे नव्हेत. ज्या घरातला गेला त्या घराला एकच पुरे होतो. पण नवाचे नव्वद हजार झाले नाहीत याची खंत करणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला, आणि तो आपल्याच गल्लीतला निघाला याचं वाईट वाटलं.

या पोराची चूक एकट्याची नाही. युद्धपट पाहून पाहून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय की ज्या दुःखाला बंदुका, धूर आणि पार्श्वसंगीत नाही ते दुःख हिशेबात धरायचं नसतं. सीमाप्रश्न म्हणजे काय, तर तारखा, ठराव, आयोग, दाखले, पाट्या. महाजन आयोगानं १९६७ साली निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूरला द्यायला सांगितली. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते तिथंच आहे. यात कॅमेरा लावायचा कुठं? कोर्टाच्या पुढच्या तारखेवर? मग कुणाला तरी वाटतं, की थोडी तोफ घातली तर जमेल.

घालून पाहू. युद्धपटाला शत्रू लागतो. तो कोण धरणार? पोरगा म्हणाला, "कोण म्हणजे? कर्नाटक!" ठीक. मग पहिला प्रसंग १७ जानेवारी १९५६चा घ्या, कारण लढ्याचे पहिले हुतात्मे त्या दिवसाचे. निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यांतल्याच. त्या दिवशी गोळी झाडणारा पोलीस कुठल्या राज्याचा होता? बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ला. जानेवारीत तो मुंबई राज्यातच होता, मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. त्याच दिवसांत मुंबईतही याच सरकारच्या गोळ्यांनी माणसं पडत होती. म्हणजे आपल्या युद्धपटाच्या पहिल्याच रिळात बंदुकीमागचा माणूस मुंबई सरकारचा निघतो आणि शेजारचा कानडी दुकानदार त्या वेळी आपल्याच भीतीनं फळ्या लावून बसलेला असतो. पटकथाकार हे काय करणार? गाळणार. युद्धपट असाच तयार होतो. जे खरं आहे त्यातलं पहिलं पान फाडून.

दुसरा गोळीबार घ्या. ६ एप्रिल १९८१. निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बैलगाड्यांसकट ठाण मांडून बसले होते. शेतकरी नेते शरद जोशी आले होते. रस्त्यावरच्या त्या वस्तीचं नाव आंदोलननगर पडलं होतं. तीनेक आठवडे झाल्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या, बारा शेतकरी गेले. या वेळी पोलीस कर्नाटकचे होते, खरं. पण आंदोलनात मराठी बोलणारेही होते आणि कन्नड बोलणारेही, कारण तंबाखूचं पान भाषा विचारून पिवळं पडत नाही. नऊपेक्षा बारा जास्त, तरी हा दिवस सीमालढ्याच्या भाषणांत फारसा येत नाही. तो आपल्या कथेत बसत नाही ना. 'आपण आणि ते' असा चित्रपट काढायचा म्हटल्यावर आपण आणि ते एकाच रस्त्यावर एकाच गोळीला सामोरे गेलो ही गोष्ट आड येते.

आता श्रीलंकेकडे वळू. पोरानं तिचं नाव बेसावधपणे घेतलं, पण नेमकं घेतलं. १९५६ हे वर्ष आपलं जसं, तसं त्यांचंही. त्या जूनमध्ये पंतप्रधान बंडारनायके यांनी सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा संमत केला. ५ जूनला कोलंबोत समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर तमिळ पुढारी सत्याग्रहाला बसले, त्यांना जमावानं झोडपलं. पुढं १९५७ला तमिळांशी करार झाला. आणि मग सुरू झालं गाड्यांच्या नंबरप्लेटचं. सरकारनं गाड्यांवर सिंहली लिपीतलं 'श्री' हे अक्षर आधीच सक्तीचं केलं होतं. उत्तरेत गेलेल्या बसगाड्यांवरच्या त्या 'श्री'ला तमिळ पोरांनी डांबर फासलं. उलट कोलंबोत सिंहली पोरांनी तमिळ पाट्यांना डांबर फासलं. एप्रिल १९५८मध्ये भिक्खूंच्या दबावाखाली करार रद्द झाला, मे महिन्यात दंगली पेटल्या.

बसगाड्या, पाट्या, डांबर. बेळगावच्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायला हवंय का? येळ्ळूरच्या वेशीवरची 'महाराष्ट्र राज्य' ही पाटी २०१४च्या जुलैत उखडली आणि नंतर घराघरांत शिरून लाठ्या चालल्या. २०२२च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, आणि त्याचा वचपा म्हणून तिकडं कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. २०२५च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ कर्नाटकाच्या बसच्या कंडक्टरला मराठी बोलत नाही म्हणून मारलं, लगेच चित्रदुर्गाला महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळं लावलं. डब्यातला रंग तोच, नुसता हात बदलतो.

दोन्हीकडं सुरुवात सारखीच झाली. तिथं पंचवीस वर्षांत डांबराच्या जागी बंदूक आली, इथं सत्तर वर्षांत आली नाही. का आली नाही याची कारणं शोधायला कुणी सिनेमा काढला तर मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेन. इथं भाषेच्या भांडणाला निवडणुकीचा रस्ता सापडला. महाराष्ट्र एकीकरण समितीनं आमदार निवडून आणले, महापालिका जिंकली, हरली, पुन्हा जिंकली. इथं सोयरिकी आड आल्या. इथं रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला दोन्ही भाषांत उधारी वसूल करावी लागते. आणि इथल्या माणसाच्या जिभेचं काय करणार? 'काय करूलालास' म्हणणाऱ्या बेळगावी मराठीतली ती चाल कुणी दिली? पु. ल. देशपांड्यांचे रावसाहेब महाराष्ट्रभर लाडके झाले ते त्या कानडी हेलाच्या मराठीमुळंच. सैन्य उभं करायचं म्हटलं तर आधी आपल्या तोंडातली अर्धी वाक्यं शत्रूच्या गोटात पाठवावी लागतील.

याचा अर्थ तक्रार खोटी, असं मी म्हणत नाही. तसं वाचणाऱ्यानं मेहेरबानी करून पुन्हा वाचावं. मराठीतून परिपत्रक मागणाऱ्याला तहसीलच्या खिडकीवर कसं वागवतात हे मी पाहिलंय, सोसलंय. आमच्या पोरांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक महाविद्यालयांत वादग्रस्त ८६५ गावांतला म्हणून अर्ज करायचा तर मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. आईची भाषा कुठली हे साहेबाच्या सहीशिक्क्यानं ठरतं, आणि तो साहेब जेवायला गेलेला असतो. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही तीन दिवस खेटे घातले. तिसऱ्या दिवशी कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि अस्सल निपाणीच्या मराठीत विचारलं, "मराठी कशावरनं?"

हा प्रसंग मला 'ग्रबावित्सा' पाहताना आठवला. बोस्नियाच्या यास्मिला ज्बानिच यांचा हा चित्रपट २००६ साली बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल घेऊन गेला. आमच्या मित्राला बोस्नियाचे चित्रपट हवेत ना, मग हा बघावा. यात लढाईचा एकही प्रसंग नाही. युद्ध संपून दहा वर्षं झालीत. सारायेव्होतली एक बाई रात्री बारमध्ये काम करून शाळकरी मुलगी वाढवते. शाळेची सहल निघते. हुतात्म्याच्या मुलांना सहल फुकट आहे, फक्त बाप हुतात्मा असल्याचा दाखला आणायचा. आई दाखला आणत नाही, टाळते, उसने पैसे गोळा करते. मुलीला कळत नाही का. कारण बाप हुतात्मा नव्हे, छावणीत आईवर बलात्कार करणाऱ्यांपैकी कुणीतरी आहे. सगळा चित्रपट त्या एका कागदावर उभा आहे. या चित्रपटाबरोबर तिथं सह्यांची मोहीम निघाली आणि अशा बायकांना युद्धपीडित म्हणून कायद्यात जागा मिळाली. तोफा डागणाऱ्या कुठल्या युद्धपटानं हे केलंय, सांगा.

बोस्नियाचाच दुसरा घ्या, कारण त्याच्याशी आपलं जुनं वैर आहे. २००२च्या मार्चमध्ये आपण सगळे 'लगान'ला ऑस्कर मिळणार म्हणून पहाटेपासून टीव्हीपुढं बसलो होतो. मिळालं 'नो मॅन्स लँड'ला. तेव्हा मीही शिव्या घातल्या. पाच वर्षांनी तो चित्रपट पाहिला आणि शिव्या परत घेतल्या. दानिस तानोविचनं एका खंदकात दोन शत्रू कोंडलेत, एक बोस्नियन, एक सर्ब. एकमेकांवर बंदुका रोखून बसलेत आणि बोलता बोलता कळतं, की दोघं एकाच गावच्या एकाच मुलीला ओळखतात. क्षणभर दोघं हसतात. तिसरा माणूस सुरुंगावर पडलाय, उठला तर फुटणार. शांतिसेना येते, पत्रकार येतात, कॅमेरे येतात. शेवटी सगळे निघून जातात आणि तो माणूस तसाच सुरुंगावर पडून राहतो. जयघोष नाही, झेंडा नाही. ज्यांनी युद्ध खरोखर भोगलं त्यांनी असे चित्रपट काढले. न भोगलेल्यांना मात्र बंदुकीचा सोस असतो.

आणखी एक गंमत, विषयाला थोडी सोडून. युगोस्लाव्हिया फुटण्याआधी सर्बोक्रोएशियन नावाची एक भाषा होती. युद्धानंतर तिच्या चार झाल्या. १९९९ साली 'राने' हा सर्बियन चित्रपट क्रोएशियात लागला तेव्हा त्याला खाली क्रोएशियन भाषेत अक्षरं दिली होती. प्रेक्षक त्या अक्षरांना खो खो हसले, कारण पडद्यावरचा माणूस बोलत होता तेच खाली लिहिलेलं होतं. आपल्याकडं मराठी आणि कन्नड या दोन वेगवेगळ्या कुळांच्या भाषा, तरी अक्षरं न देता एकमेकांना कळतात. गोकाकचा माणूस कोल्हापुरात गूळ विकून जातो, कुठं अडत नाही.

आता 'मद्रास कॅफे'. २०१३च्या ऑगस्टमध्ये आला. शूजित सरकार दिग्दर्शक, जॉन अब्राहम गुप्तहेर. वाईट चित्रपट नाही, उगीच नाचगाणी नाहीत. पण त्याचं सगळं लक्ष गुप्तहेराकडं आणि माजी पंतप्रधानांच्या हत्येकडं. संघटनेचं नाव बदललेलं, नेत्यांची नावं बदललेली. ज्यांच्या गल्ल्यांत हे युद्ध झालं ती जाफन्याची माणसं बहुतेक वेळ पळताना, रडताना किंवा मेलेली दिसतात. तमिळनाडूत विरोधामुळं तो थिएटरांत लागलाच नाही. बंदीच्या बाजूनं मी नाही, पण ते का चिडले असतील हे मला एका निवृत्त हवालदारामुळं कळलं.

हे हवालदार आमच्या निपाणीजवळच्या खेड्यातले. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीआड एक फौजी असतो. कारण उघड आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, आणि पहाटे रस्त्याच्या कडेनं भरतीसाठी पळणारी पोरं हे इथलं रोजचं चित्र. भारत-श्रीलंका करार झाला २९ जुलै १९८७ला. भारताची शांतिसेना तिकडं गेली आणि ऑक्टोबरात तिचंच तमिळ वाघांशी युद्ध जुंपलं. त्यात मराठा पलटणीही होत्या. हे हवालदार तेव्हा तिशीतले, नाईक होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६च्या जूनमध्ये, सुटीवर घरी असताना कन्नडसक्तीच्या आंदोलनात त्यांच्या चुलतभावाच्या पाठीवर लाठ्या पडल्या होत्या. त्या पाठीला हळद लावून ते पलटणीत परतले, आणि सव्वा वर्षानं दुसऱ्यांच्या भाषेच्या भांडणात बंदूक घेऊन उतरले.

'मद्रास कॅफे' त्यांना नातवानं लॅपटॉपवर दाखवला. मी शेजारी होतो. अर्ध्यातच ते उठून अंगणात गेले. मला वाटलं, जुन्या आठवणींनी गलबलले. तसं नव्हतं, कंटाळले होते. म्हणाले, "ह्यात सगळी लई बोलत्यात. आम्हाला तिथं कुणाचं काय कळत नव्हतं." मग थांबून म्हणाले, "मला थोडं कळायचं."

त्यांनी सांगितलं ते असं. जाफन्याच्या एका गल्लीत ताडाच्या झावळ्यांची कुंपणं असलेल्या घरांची झडती चालली होती. एका घरात चार बायका, एक म्हातारा आणि कडेवर रडणारं पोर. पोराची आई हातातलं रिकामं भांडं पुढं करून एकसारखी म्हणत होती, "पाल इल्लै, पाल इल्लै." बरोबरच्या सातारच्या पोराला वाटलं बाई काहीतरी लपवतेय, त्यानं रायफल वर केली. आमच्या नाईकांच्या कानात मात्र निपाणीच्या बाजारातली गवळण बोलली. 'हालु इल्ला.' दूध नाही. कन्नडमध्ये हालु, तमिळमध्ये पाल. इल्ला आणि इल्लै. घरात लहानपणापासून ज्या भाषेला तोंड मुरडत आले, जिच्या सक्तीविरुद्ध भावानं लाठ्या खाल्ल्या, तिनं त्या दारात अर्थ सांगितला. त्यांनी सातारच्या पोराची रायफल हातानं खाली केली. आपल्या पिशवीतलं दुधाच्या पावडरीचं पाकीट काढून भांड्यात टाकलं आणि बाहेर आले.

"बाई काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणायची? बघितलंसुदीक न्हाई माझ्याकडं. भांडं आत घिऊन गेली."

मला तिचं बरोबर वाटतं. २१ ऑक्टोबर १९८७ला, दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका धरून साठ-सत्तर माणसं गेल्याचं तिथले लोक सांगतात. आतून गोळीबार झाला म्हणून उत्तर दिलं, असं सेनेचं म्हणणं. त्या गावातल्या बाईनं दुधाच्या एका पाकिटाला पाहून हसावं, अशी अपेक्षा फक्त सिनेमावालेच करतील. हवालदारांनीही केली नाही. आपले १,१००हून अधिक जवान त्या बेटावर गेले. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला बंदरावर गेले नाहीत. त्या जवानांच्या नावांचं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेनं उभारलं. इकडं त्यांच्याबद्दल बोलायला कुणाला सवड नव्हती, कारण ते युद्ध जिंकलं म्हणताही येत नव्हतं आणि हरलं म्हणताही.

यावर सिनेमा निघाला का? निघाला, पण आपल्याकडं नव्हे, आणि आपल्या जवानावरही नव्हे. श्रीलंकेतल्या प्रसन्न वितानगे या सिंहली दिग्दर्शकानं १९९७ साली 'पुरहंद कलुवर' काढला. दुष्काळी खेड्यातला एक आंधळा बाप आहे. सैन्यातल्या मुलाची शवपेटी येते, सीलबंद, उघडायची नाही असा हुकूम. गाव रडतं, पेटी पुरतात. नुकसानभरपाईच्या अर्जावर बापाचा अंगठा हवा, घरात पैशाची नड आहे, पोरीचं लग्न आहे. म्हातारा अंगठा देत नाही. शेवटी कुदळ घेऊन स्वतःच पेटी उकरायला जातो. आत केळीचा खुंट आणि दगड निघतात. सरकारनं २००० साली तो दाखवायला बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. लढणाऱ्या बहुसंख्याकांतल्याच एकानं, युद्ध ऐन भरात असताना, आपल्याच सैन्याची पेटी उघडून दाखवली. आमच्या मित्राला धाडसी सिनेमा हवा असेल तर धाडस हे असतं. समोरच्याला खलनायक करायला काही धाडस लागत नाही, मिशा लावल्या की झालं.

सीमालढ्यावर सिनेमा निघालाच नाही असंही नाही. २०१६ साली 'मराठी टायगर्स' आला, अमोल कोल्हे नायक होते. कन्नड संघटनांनी विरोध केला, बेळगावात तो दाखवण्यावरून वाद झाला, आणि वादाची बातमी सिनेमापेक्षा मोठी झाली. विरोध करणाऱ्यांनी त्याचं भलंच केलं. पण मला आजही त्या नावाशी अडखळायला होतं. ज्या लढ्यात म्हातारे शिक्षक दर तारखेला कागदांच्या पिशव्या घेऊन दिल्लीच्या गाडीत बसले, ज्यात बायकांनी चूल टाकून तुरुंग पाहिला, त्या माणसांना वाघ कशाला करायचं? वाघ अर्ज करत नाही. यांनी सत्तर वर्षं अर्ज केले.

तुम्ही म्हणाल, कन्नडवाले करतात त्याचं काय? संगोळ्ळी रायण्णावर २०१२ साली त्यांनी भव्य चित्रपट काढला, गाजवला. काढावा. रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली नंदगडला फाशी दिलं. ते नंदगड आपल्या खानापूर तालुक्यातलं, जिथल्या मराठी बायका त्याच्या समाधीला नवस बोलतात. आणि तरी २०२०च्या ऑगस्टमध्ये पिरनवाडीत त्याच्या पुतळ्यावरून आपण आणि ते शिवाजी महाराज विरुद्ध रायण्णा असा सामना लावून मोकळे झालो. दोघंही परकी सत्तेशी लढले. त्यांची एकमेकांशी झुंज लावण्याचं काम पुढारी करतात किंवा पटकथाकार.

"मग लोक विसरतील त्याचं काय?" हा पोराचा शेवटचा मुद्दा, आणि तो हलका नाही. नवी पिढी कन्नड शाळेत किंवा इंग्रजी शाळेत. १७ जानेवारीच्या फेरीत डोकी पांढरी होत चाललीत. सिनेमा नाही काढला तर खरंच विसरतील. म्हणूनच म्हणतो, आठवायचं ते नीट आठवा. २०२५च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांनी बस थांबवल्या तेव्हा मी कोगनोळीला होतो. आमच्या गाड्या सीमेच्या अलीकडं थांबत होत्या, महाराष्ट्राच्या पलीकडं, आणि मधलं अंतर माणसं सामान डोक्यावर घेऊन चालत होती. एक बाळंतीण होती, आईकडून सासरी चाललेली, बरोबर म्हातारी आणि पाळण्याचे दांडे. अलीकडच्या बसच्या कंडक्टरनं, कर्नाटकाच्या, छातीवर कन्नडमध्ये नाव लावलेल्या, पाळण्याचे दांडे खांद्यावर घेतले आणि नाक्यापर्यंत नेऊन दिले. पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीचा चालक उभा होता, त्यानं ते उतरवून घेतले. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. टीव्हीच्या गाड्या टोलनाक्यावर उभ्या होत्या, पण त्यांचे कॅमेरे घोषणांकडं वळलेले होते.

आणि एक चित्रपट आपल्याकडं आहेच. १९८२चा. 'युगांतर' या बंगळूरच्या स्त्रीवादी गटानं काढलेला, दीपा धनराज त्यांतल्या एक. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या हजारो बायका संघटित झाल्या, त्यांच्यावर. नाव 'तंबाकू चाकिला ऊब आली'. बाहेरच्या बायका बंगळूरहून आल्या, वखारीच्या धुरळ्यात या बायकांबरोबर बसल्या, त्यांच्याबरोबर प्रसंग बांधले आणि चित्रपट मराठीत केला, कारण त्या बायका मराठीत बोलत होत्या. कर्नाटकाच्या राजधानीतल्या लोकांनी निपाणीची मराठी पडद्यावर आणली, तीही सीमाप्रश्नाचं नाव न घेता. पुढं कित्येक वर्षांनी बर्लिनमध्ये त्याची जुनी फिल्म दुरुस्त करून जतन केली गेली. निपाणीत विचारा, किती जणांनी पाहिलाय.

येत्या १७ जानेवारीला फेरी संपल्यावर चहाच्या गाड्याशेजारी पडदा लावू. प्रोजेक्टर मी आणतो. चित्रपट अर्ध्या तासाच्या आतला आहे, चहा गार व्हायच्या आत संपतो. त्या वखारीतल्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांना खुर्च्या पुढं द्याव्यात, आणि हवालदारांनाही बोलवावं.